द्राक्षाची पेटी आणि देशोदेशींचा व्यापार

माघ-फाल्गुनाच्या सुमारास निफाड, दिंडोरी या तालुक्यांतून जाणाऱ्या वाटसरूस भल्या सकाळीच द्राक्षबागांतून माणसांची लगबग दिसते. मांडवाखाली लोंबणारे घड एकेक करून कात्रीने तोडले जातात, त्यांतील डागी व बारीक मणी काढून टाकले जातात, आणि ऊन तापण्यापूर्वीच माल क्रेटमधून पॅकिंगच्या शेडकडे रवाना होतो. तेथे घडांची प्रतवारी होते, पेट्या भरल्या जातात, मालातील उष्णता काढून घेण्यासाठी त्या थंड खोलीत ठेवल्या जातात आणि नंतर शीतकंटेनरमध्ये रचल्या जातात. न्हावा शेवा बंदरातून निघालेला हा माल सुएझ कालव्याच्या मार्गाने गेल्यास साधारणतः तीन ते चार आठवड्यांत नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरी पोहोचतो. ज्या मुलखात त्या वेळी वेली पानांवाचून उघड्या उभ्या असतात, त्या मुलखातील लोकांच्या ताटात गोदाकाठचा हिरवा मणी पडतो.

हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. तथापि त्यामागील व्यवहाराचा अर्थ पुष्कळदा केवळ भावाच्या आकड्यापुरताच पाहिला जातो. बागेतील घड सातासमुद्रापार जातो तेव्हा बागाईतदाराच्या, त्याच्या गावाच्या आणि देशाच्या पदरात नेमके काय पडते, घेणाऱ्या देशाचा त्यात कोणता लाभ असतो, आणि या व्यवहारात धोका कोठे दडलेला असतो, याचा विचार प्रत्येक शेतकऱ्याने करणे अगत्याचे आहे.

अदलाबदलीचे मूळ तत्त्व

देशादेशांतील व्यापाराचे तत्त्व समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या गावातच ते रोज पाहावयास मिळते. समजा, एखादा शेतकरी शेतीत तरबेज आहे आणि सुतारकामातही गावच्या सुताराहून त्याचा हात थोडा अधिक चालतो. तरीही पेरणीच्या दिवसांत तो तिफण दुरुस्त करीत बसत नाही, ती सुताराकडेच देतो. कारण वाफसा असताना शेतात घालविलेला एक दिवस त्यास जे मिळवून देतो, त्याच्या मानाने सुताराची मजुरी थोडी असते. सुतारासही आपले कसब सोडून शेती करण्यापेक्षा तिफण दुरुस्त करून धान्य घेणे परवडते. दोघेही आपापल्या कामास लागतात आणि दोघांचेही अधिक भागते. येथे कोणी कोणास फसविलेले नसते, किंवा कोणी कोणावर उपकारही केलेला नसतो.

हेच तत्त्व इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये आपल्या ग्रंथात हिशेबाने मांडून दाखविले. योगायोग असा की, त्याने उदाहरणासाठी द्राक्षाचीच दारू आणि कापड हे दोन जिन्नस घेतले होते. त्याच्या कल्पित हिशेबात पोर्तुगालमध्ये ठराविक दारू तयार करण्यास ८० माणसे व ठराविक कापड विणण्यास ९० माणसे वर्षभर लागतात. इंग्लंडमध्ये तेवढ्याच दारूस १२० व तेवढ्याच कापडास १०० माणसे लागतात. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस आहे. वरवर पाहणाऱ्यास वाटेल की, पोर्तुगालने इंग्लंडकडून काहीच घेऊ नये. परंतु पोर्तुगालने फक्त दारू व इंग्लंडने फक्त कापड दुप्पट तयार केले आणि अदलाबदल केली, तर जे कापड घरी करण्यास ९० माणसे लागली असती ते पोर्तुगालला ८० माणसांच्या श्रमात मिळते, आणि जी दारू घरी करण्यास १२० माणसे लागली असती ती इंग्लंडला १०० माणसांच्या श्रमात मिळते. पूर्वी दोन्ही देशांची मिळून ३९० माणसे खपत होती. आता तितकाच माल ३६० माणसांत निघतो. उरलेल्या ३० माणसांचे श्रम दुसऱ्या कामास मोकळे होतात. व्यापाराचा खरा नफा तो हाच.

आता हा हिशेब आपल्या बागेस लावून पाहावा. नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत एके काळी काचघरात कृत्रिम ऊब देऊन द्राक्षे पिकविण्याचा उद्योग चालत असे. अर्थात ते अशक्य नव्हे. परंतु जी ऊब तेथे इंधन जाळून विकत घ्यावी लागते, ती आपल्याकडे हिवाळ्यानंतरच्या स्वच्छ उन्हात फुकट मिळते. उलटपक्षी, त्याच द्राक्षवेलीस लागणारे पालाशयुक्त खत घ्या. देशाची पालाश खताची गरज जवळजवळ संपूर्णपणे आयातीवरच भागते. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल इत्यादी देशांतील खाणी व क्षारसरोवरे यांतून ते येते. मण्यात साखर भरण्याच्या काळात ठिबकमधून सोडलेले पालाश परदेशच्या भूमीतून आलेले असते, आणि त्याची किंमत ज्या परकीय चलनात चुकवावी लागते ते चलन द्राक्षासारख्या मालाच्या निर्यातीतून येते. निर्यात आणि आयात ही एकाच गाडीची दोन चाके होत.

बागेतच जमलेले जग

मालाबरोबर बियाणे, कलमे आणि ज्ञान यांचीही देवघेव होत असते, आणि तिचे फळ पुष्कळदा मालाच्या किमतीहून मोठे असते. आपल्या रोजच्या जेवणातील मिरची, टोमॅटो, बटाटा, मका व भुईमूग ही सारी पिके मूळची अमेरिका खंडातील. पंधराव्या शतकाच्या अखेरीस समुद्रमार्ग खुले झाल्यानंतर ती इकडे आली. झुणका-भाकरीबरोबरचा मिरचीचा ठेचाही व्यापारानेच दिलेला आहे. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले, आणि त्यातूनच गव्हाच्या उत्पादनात क्रांती घडून आली.

द्राक्षबागेचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. आपल्याकडे सर्वत्र पसरलेली थॉम्पसन सीडलेस ही जात मूळची पश्चिम आशियातील सुलताना द्राक्षाची. कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन या बागाईतदाराने तिचा प्रसार केला म्हणून तिला ते नाव मिळाले. ज्या डॉगरिज खुंटावर आज महाराष्ट्रात बहुसंख्य कलमे भरली जातात, तो खुंट अमेरिकेतील आहे. पाण्याचा ताण व खारवट जमीन सोसण्याच्या गुणामुळे तो येथे रुजला. मणी लांबविण्यासाठी वापरले जाणारे जिब्रेलिक ॲसिड जपानी शास्त्रज्ञांच्या संशोधनातून हाती आले. भातरोपे अवाजवी उंच वाढविणाऱ्या एका बुरशीच्या अभ्यासातून त्याचा शोध लागला. केवडा रोगावरील बोर्डो मिश्रण हे फ्रान्समधील बोर्डो परगण्यात १८८५ च्या सुमारास सिद्ध झाले.

परंतु आपल्या शेतकऱ्यांनी नुसते घेतलेच असे नव्हे. तासगाव भागातील वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून निवड करून तास-ए-गणेश ही जात पुढे आणली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी लांब मण्याची सोनाका आणि काळ्या मण्याची शरद सीडलेस या जाती दिल्या. शरद सीडलेस ही तर किशमिश चोर्नी या रशियातून आलेल्या जातीतून निवडलेली आहे. बाहेरचे वाण घ्यावे, आपल्या मातीत पारखावे आणि त्यात आपली भर घालावी, हीच देवघेवीची उत्तम रीत होय.

एका पेटीची कसोटी

बाजार जितका दूर, तितकी गिऱ्हाइकाची मागणी जाणून घेण्याची जबाबदारी मोठी. १९९१ मध्ये राज्यातील द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन महाग्रेप्स ही संस्था उभी राहिली. मालातील उष्णता तोडणीनंतर लगेच काढून घेणे, शीतगृहाची साखळी कोठेही न तोडणे, पेटीत गंधकवायू सोडणारा कागद घालणे, या गोष्टींचे महत्त्व बागाईतदारांस याच काळात अनुभवाने कळून आले.

पुढची परीक्षा अधिक कठीण होती. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष तपासणीची योजना सुरू झाली आणि २००६ मध्ये ग्रेपनेट ही नोंदणीची पद्धत अमलात आली. तिच्यामुळे युरोपात पोहोचलेल्या पेटीवरील क्रमांकावरून ती कोणत्या गावातील कोणत्या बागेतून निघाली हे शोधून काढता येते.

तरीही २०१० च्या हंगामात मोठा आघात झाला. एप्रिल छाटणीनंतर वेलीची अवास्तव वाढ रोखून काडीत घड धरावे म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजेच बागाईतदारांच्या बोलीतील सीसीसी, हे वाढरोधक वापरण्याचा प्रघात होता. हे द्रव्य तपासणीच्या यादीत नव्हते. म्हणून प्रयोगशाळेचा दाखला घेऊन निघालेल्या मालातही युरोपात ते आढळले. तेथील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम एवढी होती. ती किती सूक्ष्म आहे हे कळण्यासाठी असे समजावे की, २० टन द्राक्षांत हे द्रव्य एक ग्रॅमहून अधिक असता कामा नये. रॉटरडॅम बंदरात पेट्यांचे ढीग अडकून पडले, खरेदीदारांनी माल नाकारला, आणि ज्यांनी कर्ज काढून हंगाम उभा केला होता अशा कित्येक बागाईतदारांचे पैसे बुडाले किंवा लांबणीवर पडले.

या प्रसंगी बागाईतदारांचा दोष थोडा होता. जो नियम त्यांना सांगितलाच गेला नव्हता तो त्यांनी मोडला होता. परंतु नाशवंत मालाच्या बाजारात दोष कोणाचा याचा निवाडा होईपर्यंत माल थांबत नाही, आणि नुकसान शेवटी ज्याचा माल त्याच्याच गळ्यात पडते. पुढील हंगामापासून हे द्रव्य तपासणीत समाविष्ट झाले. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने दिलेल्या मार्गदर्शनाने बागाईतदारांनी त्याचा वापर सोडला आणि निर्यात पुन्हा रुळावर आली. या घटनेतून दिसून आले की, परदेशी खरेदीदाराचा नियम हा केवळ जाच नसून वेळेवर कळला तर तो शिक्षकही ठरतो. त्या नियमांमुळे फवारणीत जो काटेकोरपणा आला, त्याचा लाभ नाशिक-पुण्याच्या बाजारात द्राक्षे घेणाऱ्या आपल्याच लेकराबाळांसही मिळतो.

लाभ कोणाला, झळ कोणाला

देशातील एकूण द्राक्ष उत्पादनापैकी दहाव्या हिश्श्याहूनही कमी माल परदेशी जातो. तरीही त्याचा परिणाम त्याहून मोठ्या प्रमाणावर जाणवतो. ऐन हंगामात बाजारात माल तुंबतो तेव्हा त्यातील काही भाग बाहेर गेल्याने उरलेल्या मालाच्या भावास आधार मिळतो. विरळणी, तोडणी, प्रतवारी व पॅकिंग यांत गावोगावच्या स्त्री-पुरुषांस काम मिळते. शीतगृहे, खोक्यांचे कारखाने, वाहतूक व प्रयोगशाळा यांचा पसारा उभा राहतो.

तथापि व्यापाराचा लाभ सर्वांच्या वाट्यास सारखा येत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. म्यानमार, मोझांबिक व टांझानिया येथून तूर येते तेव्हा शहरातील गृहिणीस डाळ परवडते, पण तोच माल आपल्या तुरीच्या काढणीच्या वेळी बंदरात उतरला तर मराठवाडा-विदर्भातील उत्पादकाचा भाव पडतो. देशातील खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागते. त्यात खाणाऱ्याची सोय होते, पण तेलबिया पिकविणाऱ्यास त्या स्वस्त तेलाशी झुंज द्यावी लागते. देशाचा एकूण नफा झाला म्हणून ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई आपोआप होत नाही. आयात केव्हा व किती करावी, जकात किती ठेवावी आणि हमीभावाने खरेदी कधी सुरू करावी, याची सांगड घालणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

निर्यात एकाएकी बंद होण्यानेही असेच होते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद करण्यात आली आणि मे २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. देशातील ग्राहकास स्वस्त कांदा मिळावा हा त्यामागील हेतू होता. परंतु लासलगाव-पिंपळगावच्या उत्पादकास त्याची झळ बसली. शिवाय दारात आलेले गिऱ्हाईक एकदा रिकाम्या हाताने परतले की ते दुसरे दुकान शोधते, हा बाजाराचा नियम देशांनाही लागू आहे.

दूरच्या एकाच बाजारावर विसंबून राहण्याचा धोका महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये ते युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या आणि कापसाच्या आशेवर कर्ज काढलेले शेतकरी अडचणीत आले. वाटेवरील संकटे आजही टळलेली नाहीत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा २०२४ च्या हंगामात द्राक्षांच्या कंटेनरांना आफ्रिकेस वळसा घालून जावे लागले. त्यामुळे दिवसही वाढले आणि भाडेही वाढले.

मालाबरोबर नको असलेले पाहुणेही येतात. १९५० च्या दशकात पुण्याजवळ प्रथम आढळलेले गाजरगवत परदेशातून आलेल्या धान्याबरोबर आले असे मानले जाते, आणि आज त्याने बांधच्या बांध व्यापले आहेत. द्राक्षावरील केवडा रोगही अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबरच युरोपात शिरला होता. म्हणूनच बंदरावरील वनस्पती तपासणी व त्यासाठी २००३ मध्ये काढण्यात आलेला आदेश हे व्यापारातील अडथळे नसून त्याचे कुंपण आहे. परदेशातून चोरून आणलेले कलम वा बियाणे बागेत लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने आपल्या व शेजाऱ्याच्या शेतात रोग पेरणे होय.

बागाईतदारांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

निर्यातीचा लाभ पदरात पडावा असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढील बाबींकडे कटाक्षाने लक्ष द्यावे.

१. निर्यातीसाठी बागेची नोंदणी कृषी विभागाकडे मुदतीत करावी व दरवर्षी तिचे नूतनीकरण करावे. नोंदणी नसलेला माल दुसऱ्याच्या क्रमांकावर पाठवू नये. एका पेटीतील लबाडी साऱ्या गावाचा विश्वास घालविते.

२. कोणत्या औषधास परवानगी आहे, त्याची मर्यादा किती आणि शेवटची फवारणी व तोडणी यांत किती दिवस जावयास हवेत, हे ऑक्टोबर छाटणीपूर्वीच समजून घ्यावे. ही यादी बदलत असते. म्हणून गतवर्षीच्या माहितीवर किंवा केवळ दुकानदाराच्या सल्ल्यावर विसंबू नये.

३. प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, प्रमाण व कारण वहीत त्याच दिवशी लिहावे. तोडणीच्या आदल्या रात्री भरलेली वही कोणाच्याच उपयोगाची नसते.

४. तोडणी सकाळी थंड वेळेत करावी, माल उन्हात ठेवू नये आणि काही तासांतच तो थंड खोलीत पोहोचेल अशी व्यवस्था अगोदर करावी. बागेत गेलेला एक तास जहाजावर भरून काढता येत नाही.

५. खरेदीदाराशी भाव, प्रत, पैसे देण्याची मुदत आणि माल नाकारला गेल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, या गोष्टी लेखी ठरवाव्यात. तोंडी व्यवहार परदेशच्या बाजारात फार महाग पडतो.

६. सारा माल एकाच बाजारासाठी राखू नये. काही माल परदेशी, काही देशातील बाजारात आणि काही बेदाण्यास अशी विभागणी केल्यास एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे राहते.

७. लहान बागाईतदारांनी गट करून किंवा सहकारी संस्थेमार्फत माल द्यावा. एकट्याने कंटेनर भरणे, प्रयोगशाळेचा खर्च उचलणे आणि खरेदीदाराशी घासाघीस करणे जमत नाही. दहा जणांनी मिळून ते सहज जमते.

व्यापार ही देशादेशांतील कुस्ती नव्हे, की एक जिंकला म्हणजे दुसरा हरलाच पाहिजे. सुतार आणि शेतकरी यांच्याप्रमाणेच येथेही दोघांचे भागते म्हणूनच व्यवहार टिकतो. परंतु तो टिकण्यासाठी मालाची प्रत, शब्दाचा विश्वास आणि नियमांची वेळेवर माहिती ही तीन खुंट बळकट असावे लागतात. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकास बागेचा मालक ठाऊक नसतो. त्याच्यापुढे असते ती केवळ पेटी आणि तिच्यावरील क्रमांक. ती पेटी उघडल्यावर आतून जो घड निघेल, त्यावरच पुढल्या वर्षीच्या मागणीचे भवितव्य ठरेल, हे प्रत्येक बागाईतदाराने छाटणीची कात्री हाती घेतानाच ध्यानी ठेवावे.